डाळ नको म्हणणारीं मुलें

वार्षिकांत कविता असतात, प्रवासवर्णनें असतात, बक्षिसें मिळविलेल्या विद्यार्थ्यांचीं छायाचित्रें असतात. अशा अंकांत डाळीवरील लेख पाहून वाचकांपैकीं कांहींजण हंसतील, हें आम्ही जाणून आहों. तथापि गेलीं अकरा वर्षें वर्गांतील अध्यापनाबरोबर लहान मुलांच्या बोर्डिंगांतील पंगतीची देखरेख आमच्याकडे आहे. आणि पालकसभेच्या दिवशीं जो प्रश्न आम्हांस सर्वांत अधिक वेळां विचारण्यांत येतो तो गणिताचा नव्हे, इंग्रजीचाही नव्हे. “सर, आमचा मुलगा घरीं डाळीला हात लावीत नाहीं, इथं तरी खातो का?” हा तो प्रश्न होय. ज्या गोष्टीनें इतक्या माता कष्टी होतात ती ह्या अंकाच्या चार पानांस अपात्र आहे, असें आम्हांस वाटत नाहीं.

डाळ न खाल्ल्यानें असें काय बिघडतें, असें एका वडिलांनीं आम्हांस विचारलें होतें. मुलगा पोळी खातो, भात खातो, बटाट्याची भाजी आवडीनें खातो, मग एका डाळीसाठीं रोज रडारड कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर असें कीं, शरीराची वाढ करणारें जें द्रव्य, ज्यास पाठ्यपुस्तकांत प्रथिन म्हणतात, तें शंभर ग्रॅम कोरड्या तुरीच्या डाळींत सुमारें 22 ग्रॅम असतें, मुगाच्या व मसुरेच्या डाळींत सुमारें 24 ग्रॅम असतें, आणि तितक्याच तांदळांत तें आठ ग्रॅमांच्या आसपास असतें. शिवाय केवळ वजनाचा हा हिशेब नाहीं. धान्याच्या प्रथिनांत लायसिन नांवाचा घटक कमी पडतो, तो डाळींत भरपूर असतो. डाळींत मेथिओनिन कमी पडतें, तें धान्यांत बरें असतें. वरण आणि भात, भाकरी आणि पिठलें ह्या जोड्या आमच्या आज्यांनीं जमविल्या तेव्हां त्यांस हें रसायन ठाऊक नव्हतें. पण जोडी अचूक जमली. देशांत 1995 सालीं सुरू झालेल्या आणि 2021 पासून पंतप्रधान पोषण योजना ह्या नांवानें चालणाऱ्या शाळेंतील जेवणांत पहिली ते पांचवीच्या मुलास दररोज 20 ग्रॅम व सहावी ते आठवीच्या मुलास 30 ग्रॅम डाळ धरलेली आहे. ह्या तीस ग्रॅमांत साधारण एका अंड्याइतकें प्रथिन येतें. ज्या घरीं मासे, मटण किंवा अंडीं नित्य असतात त्या घरच्या मुलानें डाळ टाकली तर फारसें अडत नाहीं. आमच्या बोर्डिंगांत मटण रविवारीं एकदां आणि अंडीं आठवड्यांतून दोनदां. बाकीच्या सर्व जेवणांत मुलांच्या वाढीचा भार डाळीवर आहे, आणि म्हणून डाळीचें पातेलें भरलेलें परत आलें म्हणजे आम्हांस चैन पडत नाहीं.

मुलें डाळ कां टाकतात, हें मोठ्या माणसांनीं तर्कानें ठरवूं नये; मुलांसच विचारावें. आम्ही विचारलें, आणि उत्तरें ऐकण्यासारखीं होतीं. “वरण पाणी पाणी लागतं.” “दाणे टोचतात.” “कढीपत्ता घशाला चिकटतो.” चौथींतील एका मुलानें तर एका वाक्यांत निकाल दिला, “वर पाणी आणि खाली वाळू.” लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, चव वाईट आहे असें म्हणणारें मूल क्वचितच निघालें. तक्रार जवळजवळ सर्वांची स्पर्शाबद्दल होती. मोठ्या माणसाची जीभ चव पाहते. लहान मुलाची जीभ आधीं चांचपून पाहते, आणि एका घांसांत दोन तऱ्हा लागल्या कीं बिचकते.

‘वर पाणी आणि खाली वाळू’ ही टीका आम्हांस अगदीं शास्त्रशुद्ध वाटते. डाळ पुरती शिजली नाहीं म्हणजे नेमकें हेंच होतें. डाळ जुनी असली, पाणी जड असलें, किंवा चिंच, आमसूल, टोमॅटो ह्यांपैकीं कांहीं आंबट आधींच घातलें, तर ती किती वेळ शिजविली तरी कणीदार राहते. डाळीच्या पेशींस एकमेकींशीं जोडून ठेवणारें पेक्टिन नांवाचें द्रव्य आहे. तें विरघळलें तर डाळ गळते. जड पाण्यांतील कॅल्शियम त्यास घट्ट धरून ठेवतें, आणि आंबटामुळेंही तें विरघळेनासें होतें. आमच्या आवारांतील विहिरीचें पाणी असेंच जड आहे. त्यांत साबणास फेंस येत नाहीं. अशा ठिकाणीं पुष्कळ स्वयंपाकिणी चिमूटभर सोडा टाकून वेळ मारून नेतात. डाळ मऊ होते खरी, परंतु सोड्यानें ब-1 जीवनसत्त्व नष्ट होतें आणि वासही बिघडतो. आमच्याकडे डाळीपुरतें नळाचें पाणी वेगळ्या पिंपांत भरून ठेवण्याचा नियम आहे, आणि तो मोडणारास स्वयंपाकाच्या मावशी आमच्यापेक्षां अधिक कडक शब्दांत बोलतात.

चार मुलांस पुरेल इतकें वरण करावयाचें असल्यास एक वाटी तुरीची डाळ तीन-चार पाण्यांनीं धुवून अर्धा तास भिजत घालावी. मग तीन वाट्या पाणी, पाव चमचा हळद, दोन चिमटी हिंग आणि चमचाभर तेल घालून कुकरांत चार शिट्ट्या होऊं द्याव्या, आंच मंद करावी व आणखी पांच मिनिटें ठेवावी. वाफ आपोआप जिरूं द्यावी. डाळ गरम असतांनाच रवीनें घोटावी, आणि येथें घाई करूं नये. पाणी वेगळें व डाळ वेगळी दिसेनाशी झाली, आणि पळी उचलली असतां धार न तुटतां पडूं लागली, म्हणजे घोटणें पुरें झालें असें समजावें. मीठ आणि सुपारीएवढा गूळ ह्यानंतर घालून एक उकळी आणावी. आंबट घालणें असेल तर तें अगदीं शेवटीं. तूप पानांत वाढावें, भांड्यांत ओतूं नये, कारण त्याचा वास मुलाच्या समोरूनच उठला पाहिजे. कढीपत्ता कुरकुरीत परतून हातानें चुरून घालावा, नाहींतर मुळींच घालूं नये. तो मुलांनीं चावून खाल्लाच पाहिजे हा आग्रह आम्हांस समजत नाहीं. मोठीं माणसें तरी तो कोठें खातात?

घोटलेल्या वरणानें अर्धी लढाई जिंकली. उरलेल्या अर्ध्या लढाईंत घरोघर जीं शस्त्रें वापरतात त्यांविषयीं आमचें मत स्पष्ट आहे.

पहिलें शस्त्र लांच देण्याचें. “वरण संपव, म्हणजे शिकरण मिळेल.” ह्या वाक्यांत मूल काय शिकतें? तें इतकेंच शिकतें कीं शिकरण ही मिळवण्याची वस्तु आहे आणि वरण ही सोसण्याची. अमेरिकेंतील लिआन बर्च ह्या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं 1984 सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांत लहान मुलांस एक पेय प्यावयास लावून त्याबद्दल बक्षीस दिलें होतें. परिणाम असा झाला कीं, मुलांची त्या पेयाची आवड वाढण्याऐवजीं कमी झाली. त्याच बाईंच्या 1982 सालच्या प्रयोगांत दोन वर्षांच्या मुलांस नवे पदार्थ कमीअधिक वेळां, कांहीं तर वीस वेळांपर्यंत, चाखावयास दिले, आणि जो पदार्थ अधिक वेळां चाखला तो अधिक आवडूं लागला असें दिसून आलें. आमच्या पंगतीचा नियम ह्याच बेताचा आहे. प्रत्येक पानांत एक पळी डाळ वाढावयाची. खा म्हणावयाचें नाहीं, कां खात नाहींस म्हणावयाचें नाहीं, शेजारच्या शहाण्या मुलाकडे बोट तर दाखवावयाचेंच नाहीं. हा नियम मुलांस पाळावा लागत नाहीं, वाढणाऱ्यांस पाळावा लागतो. म्हणून तो कठीण आहे.

दुसरें शस्त्र लपविण्याचें. आमच्या ओळखीच्या एका घरीं डाळ शिजवून, गाळून, कणकेंत मळून मुलीस पोळी म्हणून खाऊं घालीत. कांहीं महिने तें खपलें. एके दिवशीं पोळींत डाळीची एक पाकळी सांपडली, आणि त्यानंतर ती मुलगी प्रत्येक पोळी फाडून उजेडाकडे धरून पाहूं लागली. डाळ मळून केलेल्या पोळ्या आमच्या येथेंही होतात; उरलेल्या वरणाचा तो उत्तम उपयोग आहे. परंतु त्या ‘आज डाळीच्या पोळ्या’ असें सांगून वाढतों. पदार्थाचें रूप बदलावें, नांव चोरूं नये.

आतां ज्या मुलामुळें ह्या विषयाकडे आम्ही निराळ्या दृष्टीनें पाहूं लागलों त्याची हकीकत सांगतों. त्याचें नांव येथें देत नाहीं.

ऊसतोडीस जाणारीं कुटुंबें दिवाळीच्या सुमारास गांव सोडतात तीं मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहींत. बीड जिल्ह्यांतील असें एक कुटुंब चार वर्षांपूर्वीं आपला आठ वर्षांचा मुलगा आमच्या बोर्डिंगांत ठेवून कारखान्यावर गेलें. मुलगा शांत होता, अभ्यासांत मन होतें, कोणाशीं तंटा नाहीं; पण पंगतीस बसला कीं भाकरी आणि ठेचा एवढेंच खाई. डाळ पानांत जशी पडे तशी राही. मुलांचें वजन आम्ही दर महिन्यास वहींत टिपतों. नोव्हेंबरांत त्याचें साडेवीस किलो होतें, डिसेंबरांत वीसच्या खालीं गेलें, आणि जानेवारींत आणखी उतरलें. नर्सबाईंनीं त्याच्या पापण्या खालीं ओढून पाहिल्या व म्हणाल्या कीं रक्त कमी दिसतें. असेंच चाललें तर ह्याला घरीं पाठवावें लागेल. घरीं म्हणजे कोठें? घरास कुलूप होतें. आईबाप दुसऱ्या जिल्ह्यांत पाचटाच्या खोपटांत राहत होते. तेथें पाठविणें म्हणजे त्याची शाळा संपविणें, हें नर्सबाईंसही ठाऊक होतें आणि आम्हांसही.

त्याच आठवड्यांत एका संध्याकाळीं तो मुलगा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशीं येऊन उभा राहिला. आम्ही आंत कोठीचा हिशेब पाहत होतों. त्यानें मावशींस हळूच विचारलें, “मावशे, तुम्ही माडगं न्हाई का करत?”

“कशाचं रे?”

“हुलग्याचं.”

मावशी मनापासून हंसल्या. “हुलगे? अरे, ते बैलांना घालत्यात!”

बोलण्यांत दुष्टपणा तिळमात्र नव्हता. हुलगे बैलांस भरडून घालतात ही गोष्टही खरी आहे. परंतु मुलाच्या चेहऱ्यावरचें जें कांहीं होतें तें गेलें, आणि तो मुकाट्यानें वळून निघून गेला. मावशींचें हंसूं तेथेंच थांबलें. त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. पुढच्या बाजारच्या दिवशीं त्यांनीं स्वतःच्या पैशांनीं अर्धा किलो हुलगे आणले, निवडले, खमंग भाजले आणि दळून घेतले.

माडगें ज्यांनीं खाल्लें नाहीं त्यांच्यासाठीं सांगतों. लसूण-जिऱ्याची फोडणी करून पाणी उकळत ठेवावें, मीठ घालावें, आणि भाजलेल्या हुलग्यांचें पीठ थंड पाण्यांत कालवून त्यांत सोडावें. सारखें ढवळीत राहावें म्हणजे गुठळ्या होत नाहींत. दहा मिनिटांत तें दाटसर होतें. कोणी फोडणीऐवजीं गूळ आणि सुंठ घालून गोड करितात. थंडीच्या दिवसांत गरम गरम पिण्यासारखें दुसरें सुख नाहीं, आणि हुलग्यांत प्रथिन तुरीच्या तोडीचें असून लोह व कॅल्शियम दोन्ही चांगल्या प्रमाणांत असतात.

मुलानें दोन वाट्या घेतल्या. तिसऱ्या वेळीं वाटी पुढें करितांना त्यानें मावशींस सांगितलें कीं, आजी ह्याच्यांत सुंठ घालती. तीन महिन्यांत त्यानें पंगतींत काढलेलें हें पहिलें मोठें वाक्य होय. त्यानंतर आठवड्यांतून तीनदां त्याच्यासाठीं, आणि पाहतां पाहतां मागणाऱ्या दहा-बारा मुलांसाठीं, माडगें होऊं लागलें. फेब्रुवारीच्या अखेरीस त्याचें वजन नोव्हेंबरच्या वर गेलें. नर्सबाईंनीं वहींत तांबड्या शाईनें खूण केली होती ती त्यांनींच खोडली.

ह्या मुलास ‘डाळ न खाणारा’ असें म्हणतां येईल काय? जन्मापासून तो डाळीच्या वर्गांतलेंच धान्य खात आला होता. फक्त त्याच्या डाळीचें नांव आमच्या कोठींत नव्हतें. आम्हांस तेव्हांपासून असें वाटूं लागलें आहे कीं, जें मूल डाळ नको म्हणतें त्याच्या मनांत पुष्कळदां ‘ही डाळ नको’ एवढेंच असतें, आणि त्याची कोणती, हें विचारण्याची तसदी कोणी घेत नाहीं.

म्हणून आम्ही ती तसदी घेतली. एका शनिवारीं प्रार्थनेनंतर मुलांस फळ्यासमोर बसवून विचारलें कीं, तुमच्या घरीं डाळीचें काय काय करितात? प्रथम सगळीं लाजलीं. मग एकानें हात वर केला, आणि पुढें फळा पुरेना. खानदेशांतील मुलांनीं फुणके सांगितले, विदर्भांतल्या एका मुलीनें गोळाभात सांगितला, सोलापूरकडच्यांनीं चकोल्या आणि शेंगोळे, तर रत्नागिरीच्या एका मुलानें कुळथाची पिठी. पिठी कशी करितात हें तो सांगूं लागला तों आमचा बीडचा मुलगा ताडकन् उठून म्हणाला, “ते माडगंच हाय!” दोघांचें तेथेंच जुंपलें. अखेर मावशींनीं डब्यांतले हुलगे आणून दोघांच्या तळहातांवर ठेविले. रत्नागिरीकर म्हणाला, हे कुळीथ. बीडकर म्हणाला, हे हुलगे. दोघेही खरेच बोलत होते. कुळीथ आणि हुलगा हें एकच धान्य आहे. भूगोलाच्या तासास महाराष्ट्राचे विभाग आम्ही पुष्कळ वर्षें शिकवीत आहों. ते त्या दिवशीं मुलांस जितके समजले तितके नकाशानें समजले नसते.

फळ्यावरील सर्वच पदार्थ चाळीस मुलांसाठीं करणें शक्य नव्हतें. शेंगोळे हातानें वळावे लागतात. ते सुट्टीच्या दिवसाकरितां राखून ठेविले. गोळाभातास हात आणि तेल दोन्ही अधिक लागतात. परंतु फुणके बोर्डिंगासाठींच जन्मले आहेत, असें आमचें मत आहे. तीन वाट्या तुरीची डाळ आणि एक वाटी हरभऱ्याची डाळ चार-पांच तास भिजवावी, पाणी पूर्ण निथळून जाडसर वाटावी, त्यांत बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, जिरें, लसूण, मीठ आणि मुलांस सोसेल इतकी मिरची घालून हातानें लांबट मुटके करावे व वीस मिनिटें वाफवावे. तळण नाहीं, भाजण नाहीं. इडलीच्या मोठ्या भांड्यांत एका वेळीं अर्धी पंगत निघते. वर ताकाची कढी. फुणका हातांत धरतां येतो, मोडतां येतो, कढींत बुडवितां येतो. ज्या मुलाच्या जिभेस पातळ वरण नकोसें होतें त्याच्या हातास हा पदार्थ आवडतो. मूल हातांनीं जेवतें हें चमच्यानें जेवणारीं घरें विसरूं लागलीं आहेत.

हिरव्या मुगाच्या धिरड्यांचेंही असेंच. एक वाटी अख्खे मूग रात्रभर भिजवून आलें-जिऱ्यासह वाटावे, कुरकुरीतपणासाठीं दोन चमचे तांदळाचें पीठ मिसळावें आणि तव्यावर पातळ पसरावें. कडा जाळीदार झाल्या पाहिजेत. कडांसाठीं आमच्या येथें भांडणें होतात.

चकोल्यांस कांहीं गांवीं वरणफळें म्हणतात. मुरलेल्या आमटींत कणकेचे तुकडे शिजवावयाचे, एवढीच कृति. पण कणीक लाटून दिल्यावर तुकडे मुलांनीं कापावयाचे अशी प्रथा आम्ही पाडली आहे. कोणी डब्याच्या टोपणानें चंद्र कापतो, कोणी सुरीनें विमान. आमटींत उकळल्यावर चंद्र आणि विमान ह्यांत कांहीं फरक उरत नाहीं, तरी आपापला तुकडा शोधतां शोधतां वाटी रिकामी होते.

मसुरेची गोष्ट गमतीची झाली. रविवारच्या शाळेंत एसावानें आपला ज्येष्ठत्वाचा हक्क ज्यापायीं विकला तें मसुरेचें कालवण होतें, असें सांगतांच एका मुलानें विचारलें, “सर, ते एवढं चांगलं लागतं?” आम्हांस त्या धड्यांतून हें शिकवावयाचें नव्हतें, परंतु प्रश्नाची भूक खरी होती. पॅलेस्टाइन, लेबनान, सीरिया ह्या बाजूस मसूर आणि तांदूळ एकत्र शिजवून वर खरपूस तळलेला कांदा पसरण्याची रीत आजही आहे. त्या बुधवारीं मावशींनीं तसें केलें: अख्खे मसूर अर्धे शिजवून त्यांत तितकेच तांदूळ, जिरें, मीठ, आणि वर भरपूर काळसर कांदा. पातेलें खरवडून निघालें. एसावाच्या बाजूनें एवढेंच म्हणतां येईल कीं तो दिवसभर रानांत हिंडून आला होता.

सर्वच प्रयोग साधले असें नाहीं. उडदाच्या आमटीच्या बुळबुळीतपणास मुलें अद्यापि वश झालेलीं नाहींत. मोड आलेल्या मटकीची उसळ पहिल्या खेपेस जशीच्या तशी परत आली. पुढें मटकी भिजविणें, ओल्या फडक्यांत बांधणें आणि सकाळीं मोड किती निघाले तें मोजणें हें काम तिसरीच्या मुलांकडे दिलें, तेव्हां ज्यांनीं मोड मोजले त्यांनीं उसळ खाल्ली, इतरांनीं नाहीं. थंडींत मोडांस दीड दिवस लागतो, उन्हाळ्यांत एक रात्र पुरते. पोट दुखतें म्हणून डाळ टाळणारीं मुलेंही असतात आणि त्यांचें म्हणणें पुष्कळदां खरें असतें. कडधान्यांत अशा कांहीं शर्करा आहेत कीं ज्या लहान आंतड्यांत पचत नाहींत व पुढें वायु करितात. भिजविलेलें पाणी फेंकून दिल्यानें त्यांतील कांहीं भाग जातो, आणि अशा मुलास आरंभीं अख्ख्या कडधान्यापेक्षां सोललेल्या मुगाची मऊ खिचडी बरी पडते. वर लिंबू पिळावें; त्यामुळें डाळींतील लोह अंगीं लागण्यास मदत होते. इतकें करूनही एक मुलगी कोणतीच डाळ खात नाहीं. ती शेंगदाणे खाते, अंडें खाते, दूध पिते, आणि वजनाच्या वहींत तिची ओळ सरळ वर जाते. तिच्या पानांत आम्ही नेमानें एक पळी वाढतों व गप्प बसतों.

खर्चाविषयीं हिशेबनीसांनीं भुंवया चढविल्या होत्या, म्हणून तेंही सांगितलें पाहिजे. तुरीची डाळ बाजारांत नेहमीं महागांतली असते. हुलगे, मटकी, मसूर मिसळूं लागल्यापासून कोठीचा खर्च वाढला नाहीं. वाढलें तें काम. भिजत घालणें आदल्या रात्रीं आठवावें लागतें, वाटण लागतें, वळणें लागतें. मावशी दोनच आहेत. त्यांच्या हाताखालीं आणखी एक बाई द्यावी अशी आमची मागणी व्यवस्थापक मंडळापुढें आहे, आणि ह्या लेखानें तिला थोडा धक्का मिळाला तर आम्हांस वाईट वाटणार नाहीं.

गेल्या जूनपासून बोर्डिंगाच्या प्रवेशपत्रांत एक नवें कलम घातलें आहे: ‘घरीं कोणती डाळ किंवा कडधान्य खातात व तें कसें करितात?’ बहुतेक पालक दोन शब्दांत उत्तर देतात. एका आईनें पाठपोट कागद भरून डाळवांग्याची सबंध कृति लिहून पाठविली, शेवटीं ‘वांगें काटेरीच घ्यावें’ अशी ताकीद. एका वडिलांनीं लिहिलें, ‘मिळेल ती.’ तो कागद आम्ही मावशींस वाचून दाखविला. त्यांनीं त्या मुलास पंगतींत आपल्या समोरच्या पाटावर बसविलें, आणि पहिल्या आठवड्यांत रोज निराळी डाळ वाढून तो कोणती आधीं संपवितो तें पाहिलें. मसूर, असें ठरलें.

आमच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकीं जे ह्याच बोर्डिंगांत जेवून मोठे झाले, त्यांस एक विनंती आहे. आपल्या घरीं, आजोळीं किंवा सासरीं डाळीचा जो पदार्थ मुलें मागून घेतात, त्याची कृति प्रमाणासह कार्डावर लिहून शाळेच्या पत्त्यावर पाठवावी. पदार्थ चाळीस जणांस पुरेल असा असावा. तळणीचा नसल्यास अधिक बरें. मावशींस वाचतां येतें, पण अक्षर मोठें काढावें.